विझार्ड भारी की फायटर? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

ह्या वेळचे बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच भांडणावर येत होते, म्हणून आख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. ज्यांनी टेबलटॉप रोलप्लेइंग कधी खेळलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे आपलं डीअँडडी, हा चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टीचा खेळ, एक जण डीएम होतो म्हणजे तो जग चालवतो आणि राजापासून चोरापर्यंत सगळ्यांच्या वतीने बोलतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि केलेली गोष्ट जमली की नाही ते फासे ठरवतात. पात्राच्या प्रकाराला क्लास म्हणतात आणि पात्रांच्या टोळीला पार्टी. फायटर म्हणजे तलवार-ढालवाला, विझार्ड म्हणजे पुस्तकातून स्पेल म्हणजे मंत्र शिकलेला जादूगार. आकडे जिथे वेगळं सांगितलं नसेल तिथे पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या पुस्तकांतले आहेत, कारण पत्रं लिहिणारे बहुतेक त्यावरूनच खेळतात.

प्रश्न: आमची पाच जणांची पार्टी आहे, सगळे पाचव्या लेव्हलला. मी फायटर. आमचा विझार्ड फायरबॉल टाकतो आणि माझा फायटर तिथे धावत पोचेपर्यंत मारामारी संपलेली असते. मला आता वाटायला लागलंय की मी पार्टीचं सामान उचलायला आलोय. विझार्ड खरंच एवढा जास्त उपयोगी असतो का, की मीच काहीतरी चुकीचं खेळतोय?
– एक वाचक, पुणे

उत्तर: चुकीचं काही खेळत नाहीये तुम्ही, आणि विझार्ड तुम्हाला वाटतोय तेवढा पुढेही नाहीये. आधी आकडे बघू.

फायरबॉल म्हणजे ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे), सरासरी २८ डॅमेज, वीस फूट रेडियसमध्ये जो कोणी सापडेल त्याला, सेव्ह म्हणजे बचावाचा फासा जमला तर निम्मं. आता आठ गॉब्लिन एका जागी घोळका करून उभे असतील तर प्रत्येकाचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसतो तो आकडा, फक्त ७, म्हणजे सेव्ह जमूनसुद्धा ते मरणारच, तिथे फायरबॉलला तोड नाही आणि असूही नये, घोळका साफ करणं हे विझार्डचंच काम आहे. पण समोर एकच ओगर उभा करा. ५९ हिट पॉइंट, आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) ११. त्याला फायरबॉलने सरासरी २४-२५ लागतात, आणि त्यासाठी विझार्डचा तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट गेला (स्लॉट म्हणजे दिवसाला मोजून मिळणारी स्पेल टाकायची संधी, आणि स्पेलची लेव्हल पात्राच्या लेव्हलपेक्षा वेगळी), असे स्लॉट पाचव्या लेव्हलला त्याच्याकडे दोनच असतात. तुमच्याकडे ग्रेटस्वोर्ड आणि १८ स्ट्रेंग्थ असेल तर रोलला +७ मिळतात, ओगरवर शंभरातले ८५ वार लागतात, राउंडला दोन वार, सरासरी १९ डॅमेज. ज्या राउंडला अॅक्शन सर्ज (फायटरची एक जादा खेळी) वापराल त्या राउंडला ३८-३९. आणि महत्त्वाचं म्हणजे पुढच्या राउंडला परत १९, त्याच्या पुढच्या राउंडला परत १९, त्याला काही खर्च नाही. विझार्डने स्लॉट वाचवायचा म्हणून नुसता फायर बोल्ट हा बिनस्लॉटचा स्पेल टाकला तर सरासरी जेमतेम १० लागतात, म्हणजे तुमच्या निम्मे.

मग तुमच्याच टेबलवर उलटं चित्र का दिसतंय? पत्रावरून मला वाटतं की तुमच्याकडे गेममधल्या एका दिवसात एखाद-दुसरी मारामारी होते आणि मग सगळे झोपतात. विझार्डचे स्लॉट म्हणजे सकाळी एकदाच येणारं पाणी आहे, टाकी भरून घ्यायची आणि रात्रीपर्यंत पुरवायची. दिवसात एकच लढाई आहे हे त्याला माहीत असेल तर तो आख्खी टाकी तिथेच ओतणार, का नाही ओतणार? २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात एका दिवसाचा हिशोब सहा ते आठ मध्यम किंवा अवघड सामने आणि मध्ये दोनेक छोट्या विश्रांती असा धरलेला आहे, आणि फायटर त्याच हिशोबाने बनवलाय. तुमचा अॅक्शन सर्ज आणि सेकंड विंड (स्वतःचे थोडे हिट पॉइंट परत मिळवणं) छोट्या विश्रांतीनंतर परत येतात, म्हणजे असा दिवस असेल तर तुम्हाला ते तीन-तीनदा मिळतात. विझार्डला आर्केन रिकव्हरी (विश्रांतीत थोडे स्लॉट परत मिळणं) धरूनसुद्धा दिवसभरात तीन फायरबॉल. चौथ्या लढाईपासून पुढे कोण कोणाच्या मागे लपतंय ते बघा.

विझार्ड उपयोगी की फायटर, ह्याचं उत्तर माझ्या मते क्लासच्या पानावर सापडतच नाही, ते दोन झोपांच्या मध्ये किती घडतं ह्यावर ठरतं, आणि ती गोष्ट डीएमच्या हातात असते. तेव्हा पहिलं बोलणं डीएमशी करा, विझार्डशी नको.

विझार्डशीही बोला पण वेगळं. त्याला सांगा की बाबा रे, एकदा हेस्ट माझ्यावर टाकून बघ. तोच तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट, पण तुमचा वेग दुप्पट, आर्मर क्लास दोनने वर, आणि दर राउंडला एक जादा वार, सलग एक मिनिट म्हणजे दहा राउंड. एका मोठ्या शत्रूसमोर फायरबॉलपेक्षा हे कितीतरी जास्त वसूल होतं. अट एवढीच की विझार्डचं कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे स्पेल टिकवून धरणारी एकाग्रता, तुटता कामा नये, तुटलं तर हेस्ट जातो आणि वर तुमचा एक टर्न फुकट जातो, म्हणजे आता त्याला वाचवणं ही तुमचीही गरज झाली. सेंटिनेल फीट (फीट म्हणजे पात्राचं जादा कसब) घेतला असेल तर तुमच्याजवळून निसटून विझार्डकडे निघालेल्या शत्रूला तुम्ही जागच्या जागी थांबवू शकता. पाचव्या एडिशनमधली ही जोडी मला फार आवडते, दोघं वेगवेगळे खेळले तर साधारण आणि एकत्र खेळले तर आख्खं टेबल उठून उभं राहतं.

प्रश्न: ताई, मी अकरावीत आहे. बाल्डर्स गेट ३ हा डीअँडडीवरचा व्हिडिओ गेम खेळून आता मित्रांबरोबर खरं डीअँडडी सुरू करतोय. पहिलं पात्र कोणतं घेऊ, विझार्ड की फायटर? गेममध्ये मला गेल हा विझार्डच आवडायचा.
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर: गेल आवडत असेल तर विझार्डच घे, आवडीचं पात्र असलं की नियम आपोआप पाठ होतात. फक्त काही गोष्टी व्हिडिओ गेममध्ये तुझ्या सोयीच्या करून ठेवल्या होत्या त्या टेबलवर तशा नाहीयेत. तिथे खाण्याचे ४० सप्लाइज जमले की कॅम्पात जाऊन झोपायचं आणि सगळे स्लॉट परत, सामान जागोजागी पडलेलं असतं त्यामुळे कधी फारशी अडचण येत नाही. टेबलवर चोवीस तासांत एकच लाँग रेस्ट, म्हणजे रात्रभराची मोठी विश्रांती, मिळते, आणि तू झोपलेला असताना जग थांबत नाही. दुसरं म्हणजे तिथे कोणीही स्क्रोल म्हणजे स्पेल लिहिलेली गुंडाळी वाचून स्पेल टाकू शकतो, लाएझेल ही फायटरसुद्धा, टेबलवर तो स्पेल तुझ्या क्लासच्या यादीत असावा लागतो. हा मात्र तुझ्या फायद्याचाच नियम आहे. विझार्डचे स्क्रोल फायटर पळवू शकत नाही, आणि सापडलेले स्पेल तू स्वतःच्या पुस्तकात उतरवून घेऊ शकतोस, स्पेलच्या दर लेव्हलला ५० सोन्याची नाणी आणि दोन तास.

पहिल्या लेव्हलला सांभाळून राहा बरं का. कॉन्स्टिट्यूशन म्हणजे तब्येतीचा आकडा १४ असेल तर तुझे हिट पॉइंट ८ आणि तशाच फायटरचे १२. गॉब्लिनचा एक वार सरासरी ५. मेज आर्मर हा चिलखतासारखा बचावाचा स्पेल टाकलास तर दोनपैकी एक स्लॉट सकाळीच संपला. मग राहिलेल्या एका स्लॉटमध्ये काय, तर २०१४ च्या नियमांनी खेळत असाल तर स्लीप. तो ५डी८ एवढे हिट पॉइंट झोपवतो, सरासरी २२, म्हणजे तीन गॉब्लिन एका फटक्यात गार आणि त्यांना सेव्हही मिळत नाही. २०२४ च्या नव्या पुस्तकात स्लीप बदललाय, त्यात सेव्ह आहे, तेव्हा आधी डीएमला विचार कुठलं पुस्तक चालू आहे.

आणि मित्रांपैकी कोणाला तरी फायटर घ्यायला लाव. सगळे विझार्ड अशी पार्टी बनवू नका, पहिल्याच गुहेत संपाल.

प्रश्न: मी डीएम आहे. माझे प्लेअर दर मारामारीनंतर "आम्ही झोपतो" म्हणतात. विझार्ड खूष, फायटर आणि रोग (चोर-हेर प्रकारचा क्लास) कंटाळलेले. विझार्डला शिक्षा केल्यासारखं न वाटता हे कसं थांबवू?
– एक वाचक, बेंगळुरू

उत्तर: विझार्डला अजिबात हात लावू नका. त्याचे स्पेल बंद करणं, पुस्तक चोरणं, दर खोलीत जादू बंद पाडणारं अँटीमॅजिक टाकणं हे सगळं मी टेबलांवर बघितलंय आणि त्याने फक्त भांडणं होतात, फायटर आहे तिथेच राहतो.

घड्याळ लावा. म्हणजे खरं घड्याळ नाही, गोष्टीतलं. गावातल्या मुलीला पळवून नेलंय आणि अमावस्येच्या रात्री तिचा बळी आहे, अमावस्येला तीन दिवस. किंवा खजिन्याच्या मागावर दुसरी पार्टी पण आहे. किंवा साधंसं, पहिल्या खोलीतला आवाज ऐकून बाकीचा किल्ला जागा झालाय. आता झोपायचं की नाही हा निर्णय प्लेअरचा आहे, तुम्ही नाही म्हणतच नाही, झोपा खुशाल, पण सकाळी उठाल तेव्हा दरवाज्याशी मोर्चेबांधणी झालेली असेल आणि कैदी दुसरीकडे हलवलेला असेल. आणि तसं खरोखर घडू द्या. एकदा जरी दया येऊन सोडलंत तर पुढे तुमच्या घड्याळावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

चोवीस तासांत एकच लाँग रेस्ट हा नियम बरेच डीएम विसरतात. सकाळी दहाला मारामारी झाली आणि पार्टी म्हणाली झोपतो, तर तो लाभ मिळायला आदल्या झोपेपासून चोवीस तास उलटायला हवेत, म्हणजे दिवसभर गुहेच्या तोंडाशी नुसतं बसून राहायचं. हे एकदा मोठ्याने सांगितलं की निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

तुमचा विझार्ड लिओमंड्स टायनी हट हा निवाऱ्याच्या घुमटाचा स्पेल वापरत असेल, तर हो, तो स्पेल डोकेदुखी आहेच, रिचुअल म्हणून, म्हणजे सावकाश विधी करून, टाकला तर स्लॉटही जात नाही आणि आठ तास आत कोणी येऊ शकत नाही. पण त्या घुमटाला पाय नाहीत. बाहेरचे लोक वेढा घालून बसू शकतात, खड्डे खणू शकतात, आणि कोणाकडे स्पेल मोडणारा डिस्पेल मॅजिक असेल तर घुमटच गायब.

तुमची गोष्टच अशी असेल की प्रवास लांबलचक आणि मारामाऱ्या तुरळक, आठवड्यातून दोन-तीन, तर मग जबरदस्तीने दिवसात सहा लढाया कोंबू नका, त्याने गोष्ट मरते. त्याऐवजी डीएमच्या पुस्तकातला ग्रिटी रिअॅलिझमचा पर्याय बघा. त्यात छोटी विश्रांती आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची. मोठी विश्रांती गावात पोचल्यावरच परवडते, वाटेत विझार्ड तोलूनमापून स्पेल टाकतो आणि फायटरचा अॅक्शन सर्ज रोज सकाळी परत येतो. मला स्वतःला प्रवासाच्या कॅम्पेनसाठी (म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टीसाठी) हाच पर्याय सगळ्यात बरा वाटतो. फक्त कॅम्पेन सुरू होण्याआधी सांगा, मध्येच बदललंत तर विझार्डवाल्याला फसवल्यासारखं वाटेल आणि त्याचं बरोबर असेल.

प्रश्न: आमच्या ग्रुपमधले सीनिअर सांगतात की जुन्या काळी विझार्ड एका वारात मरायचा आणि फायटर राजा असायचा. खरं का? आणि मग हे उलटलं कधी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: बरंचसं खरं आहे, आणि ही गोष्ट नीट सांगण्यासारखी आहे.

डीअँडडी १९७४ ला आलं, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांचं. त्याच्या आधी १९७१ ला चेनमेल नावाचा छोट्या सैनिकांच्या पुतळ्यांनी खेळायचा मध्ययुगीन युद्धाचा खेळ होता, गायगॅक्स आणि जेफ पेरेन ह्यांचा, त्याच्या फँटसीच्या भागात विझार्ड होता. आणि तिथे तो चक्क तोफखाना होता! त्याच्या फायरबॉलचा आवाका मोठ्या कॅटापल्टएवढा असं लिहिलेलं. म्हणजे विझार्ड जन्मालाच आला तो घोळक्यावर मारा करणारं यंत्र म्हणून, आणि तोफेला जसं पुढे पायदळ लागतं तसं त्याला पुढे फायटर लागायचे. हे लक्षात घेतलं की पुढचं बरंच काही उलगडतं.

१९७४ च्या पहिल्या पेटीत क्लास तीनच, फायटिंग-मॅन म्हणजे फायटर, मॅजिक-यूझर म्हणजे विझार्ड, आणि क्लेरिक म्हणजे पुजारी. १९७८ च्या अॅडव्हान्स्ड डीअँडडीच्या प्लेअरच्या पुस्तकात फायटरला हिट पॉइंटसाठी डी१०, मॅजिक-यूझरला डी४. पहिल्या लेव्हलला त्याच्याकडे एकच स्पेल, तो टाकला की दिवसभर हातात डॅगर किंवा काठी. चिलखत नाही. स्पेल टाकून पूर्ण व्हायच्या आत एक जरी वार बसला तरी स्पेल वाया. एकदा टाकलेला स्पेल डोक्यातून पुसला जाणार आणि परत पाठ करावा लागणार, ही कल्पना जॅक व्हान्स ह्या लेखकाच्या कथांमधून घेतलेली. पाठ करायला स्पेलच्या दर लेव्हलला पंधरा मिनिटं, त्यामुळे वरच्या लेव्हलचा मॅजिक-यूझर पूर्ण रिकामा झाला तर सगळं परत भरायला त्याला एका दिवसाच्या वर वेळ लागायचा. आता कोण म्हणेल चला झोपू आणि परत येऊ? फायरबॉल पण तेव्हा अंगावर यायचा. त्याचा जाळ जागा मिळेल तिकडे पसरायचा, दहा फुटांचे ३३ ठोकळे भरतील एवढा, अरुंद बोळात टाकला की तो उलटा येऊन स्वतःचीच पार्टी भाजून काढायचा.

आणि फायटरकडे काय होतं ते बघा. १८ च्या वरची टक्केवारीवाली स्ट्रेंग्थ फक्त त्या जातकुळीला. मोठ्या लेव्हलला सगळ्यात चांगले सेव्हिंग थ्रो त्याचेच, म्हणजे शत्रूच्या जादूसमोर टिकणारा तोच. नवव्या लेव्हलला तो लॉर्ड व्हायचा, गढी बांधायचा, सैनिक स्वतःहून त्याच्या पदरी यायचे, आणि त्याच्या मुलखातल्या माणशी महिन्याला ७ चांदीची नाणी कर गोळा व्हायचा. विझार्डकडे जादू, फायटरकडे माणसं आणि मुलूख. हा मला त्या जुन्या खेळातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो आणि तो गेला ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक दुरुस्ती मात्र तुमच्या सीनिअरना सांगा. वरच्या लेव्हलला मॅजिक-यूझर तेव्हाही भारीच होता. अनुभवाचे तक्ते बघा. दुसऱ्या लेव्हलला फायटरला २,००१ गुण लागायचे आणि मॅजिक-यूझरला २,५०१, म्हणजे सुरुवातीला तो मागे. पण नवव्या लेव्हलला फायटरला २,५०,००१ आणि मॅजिक-यूझरला १,३५,००१! मधल्या लेव्हलांमध्ये तो फायटरला मागे टाकून पळायचा. तिथपर्यंत जिवंत पोचला तर, एवढीच अट. तेव्हाचा सौदा असा होता की आधी सोसा, मग मिळेल.

उलटलं ते २००० साली, तिसऱ्या एडिशनला. तोपर्यंत मूळ कंपनी टीएसआर १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली होती. नव्या नियमांत सगळ्यांना एकच अनुभवाचा तक्ता. मार लागला तरी कॉन्सन्ट्रेशनचा रोल जमला की स्पेल वाचला. हुशार विझार्डला जादा स्पेल. पहिल्या लेव्हलपासून स्क्रोल लिहायची फीट फुकट, पहिल्या लेव्हलच्या स्क्रोलची बाजारातली किंमत फक्त २५ सोन्याची नाणी, पुढे ५० वेळा चालणारी वाँड म्हणजे जादूची कांडी, म्हणजे रोजच्या टाकीची काळजीच संपली. एकेक बदल बघितला तर समंजस आहे, कोणालाही एका स्पेलनंतर कोपऱ्यात बसायला आवडत नाही, पण सगळे मिळून विझार्डवरची सगळी बंधनं सुटली आणि त्याच वेळी फायटरवर नवी आली. पाच फुटांपेक्षा जास्त चाललात तर सगळे वार नाहीत, एकच. जादूविरुद्धचे त्याचे सेव्ह पण पडले, विल म्हणजे मनाचा सेव्ह तर अगदीच कच्चा. फायटर सरळ रेषेत वाढतो आणि विझार्ड गणितातल्या वर्गासारखा झपाट्याने, हे लोक बोलायला लागले ते ह्याच अनुभवातून.

२००८ च्या चौथ्या एडिशनने सगळ्यांना एकाच साच्याच्या पॉवर दिल्या, काही कायम वापरायच्या, काही दर लढाईला एकदा, काही दिवसातून एकदा. समतोल आला, फायटर शत्रूला मार्क करून अडवून ठेवायचा ते झकास होतं, पण खूप जणांना सगळे क्लास एकसारखे वाटले. २०१४ ला मधला रस्ता काढला, विझार्डला एका वेळी एकच कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल. ही एक ओळ गेल्या पन्नास वर्षांतला समतोलासाठीचा सगळ्यात चांगला नियम आहे असं माझं मत आहे.

प्रश्न: मारामारीत फायटर ठीक आहे पण बाकी वेळी? भिंत चढायची, विझार्ड उडतो. दार उघडायचं, विझार्ड नॉक टाकतो. मी फक्त "मी हल्ला करते" म्हणायचं का?
– एक वाचिका, सांगली

उत्तर: तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. डॅमेजवरून लोक तासन्तास भांडतात पण फायटरची खरी तक्रार ही आहे. पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या पुस्तकात फायटर क्लासने लढाईबाहेर जवळजवळ काहीच दिलेलं नाही. विझार्ड मात्र लेव्हल वाढेल तसा नवनवे प्रश्न सोडवायला लागतो, पाचव्या लेव्हलला फ्लाय, तेराव्याला टेलिपोर्ट, आणि एका क्षणी आख्खा प्रवासच रद्द.

काही उपाय तुमच्या हातात आहेत. फायटरला बाकीच्यांपेक्षा जास्त फीट मिळतात, वीस लेव्हलमध्ये सात जागा, विझार्डला पाच, तर त्यातली एखादी लढाईबाहेरच्या गोष्टीवर खर्च करा, स्किल वाढवा, नाहीतर रिचुअल कास्टर ही विधीने स्पेल टाकू देणारी फीट घ्या. बॅटल मास्टर सबक्लास घेतलात तर तिसऱ्या लेव्हलला चार सुपिरिऑरिटी डाइस मिळतात, पाडणं, ढकलणं, मित्राला वार करायला लावणं असलं करता येतं आणि ते छोट्या विश्रांतीत परत येतात. २०२४ च्या पुस्तकाने थोडी भरपाई केलीय, प्रत्येक हत्याराला स्वतःची करामत आहे, आणि टॅक्टिकल माइंडमुळे फसलेल्या चेकवर सेकंड विंड खर्च करून डी१० वाढवता येतो. चढणं, पटवणं, शोधणं कशालाही. छोटी गोष्ट वाटेल पण टेबलवर फरक पडतो.

नॉकबद्दल एक सांगते, त्याचा ठो आवाज तीनशे फुटांपर्यंत जातो, तुमचा डीएम हे विसरला असेल तर आठवण करून द्या. तुमचा खांदा दाराला लावला तर एवढा बोभाटा होत नाही आणि स्लॉटही वाचतो.

बाकी अर्धं काम डीएमचं. फायटर म्हणजे कुठेतरी लढून आलेली बाई आहे ना, मग वेशीवरचा जुना शिपाई तिला ओळखू दे, सेनापती सल्ला विचारायला तिलाच बोलावू दे, गावकऱ्यांना लढायला शिकवायचं काम तिच्याकडे येऊ दे. गढी आणि सैनिक परत आणायला नवे नियमही लागत नाहीत.

आणि खेळच बदलायची तयारी असेल तर पाथफाइंडर ह्या तशाच खेळाची २०१९ ची दुसरी एडिशन बघा. तिथे फायटर पहिल्या लेव्हलपासून हत्यारात बहुतेक योद्ध्यांच्या एक पायरी पुढे असतो, आणि शत्रू जवळून निसटायला गेला तर त्याला मारायची रिअॅक्शन पहिल्यापासूनच त्याच्याकडे, बाकीच्यांना ती नंतर मिळवावी लागते. डंजन क्रॉल क्लासिक्समध्ये योद्धा वार करतानाच एखादी करामत जाहीर करतो, डोळ्यांत माती फेकतो, झुंबरावरून उडी मारतो, आणि डीड डाइसवर ३ किंवा वर आले आणि वार लागला की ती होते. मला स्वतःला सगळ्यात पटलेला मार्ग मात्र १९८७ च्या आर्स मॅजिकाचा आहे. तिथे विझार्ड सगळ्यांपेक्षा ताकदवान हे सरळ मान्यच केलंय, पण प्रत्येक प्लेअरकडे एक विझार्ड असतो आणि त्याशिवाय साधी माणसं, शिपाई वगैरे, आणि कोणत्या गोष्टीत कोण कोणता होणार हे आळीपाळीने ठरतं. कोणीही कायम मागे राहत नाही.

प्रश्न: असा कोणी शत्रू आहे का ज्याच्यासमोर विझार्ड खरोखरच हतबल होतो? मी तेराव्या लेव्हलच्या पार्टीसाठी शोधतोय.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: हतबल नाही पण बेजार करणारे बरेच आहेत. मोठ्या ड्रॅगनकडे दिवसाला तीनदा लेजेंडरी रेझिस्टन्स असतो, सेव्ह फसला तरी जमला म्हणून टाकतो. आयर्न गोलेम म्हणजे जादूने चालणाऱ्या लोखंडी पुतळ्यावर फायरबॉल टाकाल तर त्याच्या जखमा भरून येतात, आग त्याचं औषध आहे.

पण तुमच्यासाठी बरोबर तोच जो आपल्याकडून तिकडे गेलाय, राक्षस. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून तो ह्या खेळात आहे, वाघाचं डोकं, श्रीमंती थाट, आणि वेष बदलून माणसांत मिसळणारा. २०१४ च्या पुस्तकात त्याच्यावर सहाव्या लेव्हलपर्यंतचा कोणताही स्पेल चालत नाही, त्याची स्वतःची इच्छा असेल तरच, आणि वरच्या स्पेलवर त्याला अॅडव्हान्टेजने (दोन फाशांतला चांगला धरून) सेव्ह. तेराव्या लेव्हलच्या विझार्डकडे सातव्या लेव्हलचा स्लॉट एकच असतो, म्हणजे राक्षसावर थेट टाकण्यासारखा स्पेल दिवसात एक. मन वाचणारा डिटेक्ट थॉट्स टाकून तो ओळखूसुद्धा येत नाही, त्यामुळे दरबारातला कोणता सल्लागार राक्षस आहे हे विझार्डला स्पेलने नाही तर प्रश्न विचारून, वागणं बघून शोधावं लागेल, आणि त्यात सगळी पार्टी लागते.

लढाईत विझार्डने राक्षसाचा नाद सोडून सगळं फायटरवर टाकावं, हेस्ट, फ्लाय, जे असेल ते, मित्रावर टाकलेल्या स्पेलला राक्षसाची प्रतिकारशक्ती आड येत नाही. जुन्या पुस्तकात तो मंतरलेल्या क्रॉसबो बोल्टने मरायचा, नव्यात त्याची खूण अशी राहिलीय की चांगल्या अलाइनमेंटच्या, म्हणजे सत्प्रवृत्त, माणसाने जादूच्या हत्याराने भोसकलं तर दुप्पट लागतं. भोसकलं म्हणजे पिअर्सिंग डॅमेज, ग्रेटस्वोर्ड त्यात बसत नाही. तेव्हा दोनेक सेशन आधी पार्टीच्या वाटेत एखादा जादूचा भाला नाहीतर रेपियर ठेवून द्या, आणि तो कोण उचलतंय ते बघा.